संध्याकाळी सहा वाजता मैदान कोणाचं?

बारामती आणि इंदापूर ही एकाच कालव्याच्या पाण्यावर वाढलेली गावं. नीरा डावा कालवा बारामती शहरातून वाहत पुढे इंदापूर तालुक्यात जातो, आणि ‘टेलला पाणी पोचलं का?’ हा तिथला दर आवर्तनातला प्रश्न असतो. पण दोन्ही गावं आता नुसत्या शेतीवर उभी नाहीत. २०११ च्या जनगणनेत बारामती शहरात ५४ हजारांच्या आसपास आणि इंदापुरात २५ हजारांच्या आसपास माणसं होती. त्यानंतर जळोची, तांदूळवाडी, रुई बारामतीच्या हद्दीत आली, एमआयडीसीच्या बाजूला वस्ती वाढली. इंदापूर पुणे-सोलापूर महामार्गाच्या दोन्ही अंगांनी पसरलं. घरं वाढली, गाड्या वाढल्या, शिकवण्या वाढल्या. कामधंदा आटोपल्यावर पैसे न मोजता आणि कोणाची परवानगी न मागता जाऊन बसावं, खेळावं, चार माणसांत मिसळावं अशी जागा त्या मानानं किती वाढली, हे ज्यानं त्यानं आपल्या पेठेत फिरून बघावं.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराचा विकास आराखडा वीस वर्षांतून किमान एकदा नव्यानं तपासावा लागतो. म्हणजे नकाशावर एखाद्या गटावर ‘खेळाचे मैदान’ किंवा ‘सांस्कृतिक केंद्र’ अशी खूण पडली, तर आज अंगणवाडीत जाणारं पोर नोकरीला लागेपर्यंत ती त्या जमिनीचं नशीब ठरवते. एवढ्या लांबच्या निर्णयावर गावात भांडण व्हायला हवं, आणि ते इमारतीचं चित्र फ्लेक्सवर लागायच्या आधी व्हायला हवं.

पुढचा संवाद मी रचला आहे. सर हे इंदापूरचे निवृत्त क्रीडाशिक्षक. ताई त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता बारामतीत वास्तुरचनाकार. ही दोन माणसं कल्पनेतली असली तरी त्यांचे मुद्दे या दोन तालुक्यांत कुठल्याही कट्ट्यावर ऐकायला मिळतात.

ताई : सर, मी सरळच मांडते. बारामतीत सगळ्या सोयींचं एकच मोठं केंद्र व्हावं. बॅडमिंटन, टेबल टेनिस, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, छोटं नाट्यगृह, वाचनालय, ज्येष्ठांसाठी दालन. इंदापूरकरांनाही त्याचा उपयोग होईल. दोन ठिकाणी अर्धवट करण्यापेक्षा एका ठिकाणी नीट करावं.

सर : आणि ते उभं कशावर करणार?

ताई : जागा मिळेल, सर. मोकळ्या जागा आहेत अजून.

सर : तुम्ही मोकळी म्हणता ती जागा म्हणजे बहुतेक वेळा मैदान असतं, बाई. पहाटे तिथं पोलीस भरतीची पोरं पळतात. दिवसा शाळा असते. संध्याकाळी एकाच मैदानावर पाच-पाच टेनिस बॉलचे सामने चालतात, एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीवर उभा असतो, तरी कोणाचं काही अडत नाही. आणि आषाढी जवळ आली की तुकोबांची पालखी येते. बारामतीत मुक्काम शारदा प्रांगणात. पुढं काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण, आमच्या इंदापुरात शाळेच्या मैदानावर रिंगण. आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळस आणि हंडे घेतलेल्या बाया, मग विणेकरी, आणि शेवटी अश्व. अश्व गेला की त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावायला लोक वाकतात. तिथं तू पेव्हिंग ब्लॉक बसवलास तर घोडा पळणार कुठं?

ताई : तो वर्षातला एक दिवस झाला. उरलेल्या दिवसांचं काय? एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीच्या पुढं जातो. अकरा ते पाच मैदानावर कोणी थांबत नाही. पावसाळ्यात चिखल.

सर : बरं, मग हिशेबच कर. एक एकर म्हणजे ४० गुंठे, साधारण ४,०४७ चौरस मीटर. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर. पुरुषांच्या कबड्डीचं १३ बाय १०, व्हॉलीबॉलचं १८ बाय ९. भोवतीची मोकळी पट्टी धरूनसुद्धा एका एकरात खो-खोचं एक, कबड्डीची दोन आणि व्हॉलीबॉलचं एक मैदान आरामात बसतं. कडेनं चालायला वाट उरते, झाडं लावायला जागा उरते. एका वेळी खेळणारे किती? खो-खोत पळणारे आणि पाठलाग करणारे मिळून १२, कबड्डीचे २८, व्हॉलीबॉलचे १२. झाले ५२. खर्च म्हणशील तर चुना, दोरी आणि पाणी मारायला एक माणूस. तुझ्या हॉलमध्ये बॅडमिंटनची चार कोर्टं बसली, तर दुहेरी खेळूनही जास्तीत जास्त १६ जण.

ताई : हिशेब बरोबर आहे. त्या ५२ जणांत मुली किती?

सर : सकाळच्या सरावाला असायच्या.

ताई : मी संध्याकाळचं विचारतेय, सर. मीही तुमच्या खो-खोच्या संघात होते. सातवीत आम्ही भरपूर जणी होतो. नववीत गेल्यावर एकेक गळायला लागली. कोणाला घरून नाही म्हणाले. कोणाला पाळीच्या दिवसांत कपडे बदलायला जागा नव्हती. मैदानाच्या कडेला मोटारसायकली लावून बसणाऱ्या पोरांसमोर पळायला कोणाला नको वाटायचं. तुम्ही आमच्यावर जीव टाकून मेहनत घेतलीत, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्या मैदानाला ना संडास होता, ना दिवा, ना आईला बसायला ओटा. तुमच्या हिशेबात ५२ जणांची जागा आहे, आणि ती सगळी एका वयाच्या पोरांनी आधीच भरलेली आहे.

इथं मी ताईच्या बाजूचा आहे. आपल्याकडे सार्वजनिक मैदानावरची चर्चा नेहमी गुंठ्यांत होते आणि वेळेची गोष्ट कोणी काढत नाही. मैदान सर्वांना खुलं असतं, हे खरंच. पण कोणाचीच ठरलेली वेळ नसेल तर ते आपोआप सर्वांत दांडग्या, सर्वांत मोकळ्या आणि कोणालाही उत्तर द्यावं न लागणाऱ्या माणसांचं होतं. बारामतीच्या टेक्स्टाईल पार्कमध्ये काम करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं आहेत. दिवसभर शिलाई यंत्रावर वाकून पाठ धरलेली बाई पाळी संपवून गावाकडच्या बसमध्ये बसते आणि घरी पोचते ती स्वयंपाकाच्या वेळेला. तिच्या विरंगुळ्याची वेळ कोणती आणि जागा कुठली, याचा विचार न करता आखलेल्या केंद्राला सार्वजनिक म्हणवत नाही.

सर : मान्य. पण त्यासाठी भिंती कशाला? संडास बांध, दिवे लाव, मुलींसाठी सहा ते साडेसात अशी वेळ ठरवून दे.

ताई : वेळ ठरवून ती पाळणार कोण? उघड्या मैदानावर पाटी लावली तर ती आठ दिवसांत वाकते. हॉलला दार असतं, सर. मुलींची वेळ आहे म्हटलं की दार लावता येतं. बायका मोकळेपणानं नाचतात, योगासनं करतात, कबड्डी खेळतात. छप्पर मी पावसासाठी मागत नाही, नजरांसाठी मागते.

सर : दाराला कुलूपही असतं, आणि माझी खरी भीती ती आहे. मी कितीतरी गावांत बघितलंय. आधी समाजमंदिर बांधतात. पहिल्या वर्षी व्याख्यानमाला, दुसऱ्या वर्षी नेत्रतपासणी शिबिर, तिसऱ्या वर्षी साखरपुडे. मग भाडं येतं म्हणून लग्नं. लग्न म्हटलं की मांडववाले, आचारी, खरकटं. पोरं बॅट घेऊन येतात तर आत पंगत बसलेली. चौथ्या वर्षी चावी कोणा एका मंडळाच्या कार्यकर्त्याच्या घरी. एकदा छप्पर घातलं की त्या जागेला भाड्याचा दर चिकटतो. मैदानाला तो सहसा चिकटत नाही, म्हणून ते गरिबाचं राहतं.

ताई : आणि मैदानावर प्रदर्शनं लागत नाहीत? फटाक्यांची दुकानं, सेल, आनंदमेळा? महिना महिना खड्डे असतात मांडवाच्या बांबूंचे.

सर : लागतात. तेही मला चालत नाही.

ताई : मग गडबड छपरात नाहीये, नियमात आहे. मुंबईत बघा. पालिकेच्या कितीतरी मोकळ्या जागा देखभालीसाठी म्हणून संस्थांकडे गेल्या, आणि त्यातल्या काहींवर क्लब उभे राहिले, सामान्य माणसाला आत जायला सभासदत्व लागायला लागलं. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या महापालिकेनं तसंच नवं धोरण मंजूर केलं तेव्हा नागरिकांनी एवढा विरोध केला की राज्य सरकारला त्याला स्थगिती द्यावी लागली. ती मैदानंच होती, सर. छप्पर नसतानाही गेली.

सर : हे मात्र पटलं. सर्वोच्च न्यायालयाचाही एक निकाल आहे, १९९१ चा, बंगळूर मेडिकल ट्रस्टचा. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देता येत नाही, असं त्यात स्पष्ट सांगितलंय. पण निकाल माहीत असणारी माणसं गावात किती? आणि तोवर पाया खोदून झालेला असतो.

ताई : म्हणून तर म्हणते, चावीचा कागद आधी लिहू. कोणाच्या ताब्यात, किती वर्षांसाठी, दिवसातले किती तास फुकट, लग्नाला द्यायचं की नाही. ते ठरल्याशिवाय निविदा निघू नये.

सर : लग्नाला द्यायचंच नाही.

ताई : नाही द्यायचं. पण मग देखभालीचे पैसे आणायचे कुठून? राज्य सरकारनं २०२२ साली तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटींवर नेली. इमारत उभी राहील त्यातून. पुढं रोजची झाडलोट, वीजबिल, संडासाची सफाई, पहारेकरी, प्रशिक्षक? उद्घाटनाला फीत कापायला सगळे असतात. तीन वर्षांनी लाकडी फळी उखडली की तिथं पाय अडकून पडणारी मुलगी एकटी असते.

सर : तेच म्हणतो मी. मातीला फार काही लागत नाही. तालमीचा हौद बघितलायस का कधी जवळून? नुसती लाल माती नसते ती. चाळून घेतात, त्यात ताक घालतात, तेल, हळद, कापूर, लिंबाचा रस. पैलवान रोज फावड्यानं ती उकरून मोकळी करतात, तो त्यांचा पहिला व्यायाम. जागेची निगा हाच खेळाचा भाग असतो तिथं. पगारी माणूस नसला तरी हौद सुकत नाही, कारण खेळणाऱ्यालाच तो हवा असतो. तुझ्या बॅडमिंटनच्या कोर्टाची निगा कधी खेळाडूनं राखलेली बघितलीस?

ताई : नाही बघितली. पण त्या हौदात मुलगीही नाही बघितली मी, आमच्या लहानपणी तरी. आता गादीवर कुस्ती आली म्हणून मुली उतरायला लागल्या. गादीला छप्पर लागतं, सर.

हौदाबद्दल सर बोलतात तेव्हा त्यांच्या म्हणण्यात एक तथ्य आहे, आणि ते नियोजनाच्या कागदात कधी येत नाही. ज्या जागेची निगा वापरणारी माणसं राखतात ती टिकते. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ साली उभं केलं. मधे आखाडा, भोवती उतरत येणारी बसायची जागा, छप्पर नाही. कुठूनही बसा, मल्ल दिसतो. शंभर वर्षं उलटून गेली तरी कोल्हापूरकर तिथं कुस्ती बघायला जातात. त्याच्या शेजारी १९१५ साली उभं राहिलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. त्या रात्री कोल्हापुरात माणसं रस्त्यावर उभी राहून रडली, ती त्या वास्तूवर त्यांचा जीव होता म्हणून. छप्पर असलेली जागा माणसाला तितकीच आपली होऊ शकते, हे त्या रात्रीनं दाखवलं. आणि तिची वायरिंग, अग्निशमन, पाण्याची सोय दरवर्षी तपासावी लागते, हेही. आग मोकळ्या मैदानाचं फारसं काही करू शकत नाही.

ताई : तुम्ही मला छपराची हौस आहे असं धरून चाललात. मला नाट्यगृह मोठं नकोच आहे. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं गदिमा सभागृह आहे, मोठे कार्यक्रम तिथं होतात. मला हवी आहे ती तालमीची जागा, नाटकाच्या तालमीची. एकांकिकेच्या स्पर्धेसाठी मुलं कॉलेजच्या जिन्यात उभी राहून संवाद पाठ करतात. भजनी मंडळ कोणाच्या तरी ओसरीवर बसतं. नवरात्रात बायका भोंडल्याचा फेर धरायला कोणाची तरी गच्ची मागून घेतात. एक साधा हॉल हवा, शंभर-सव्वाशे माणसं मावतील एवढा. खाली फरशी, कडेला कपाट, मागं संडास, बास.

सर : हे तू आधी का नाही सांगितलंस? एवढ्याला माझी ना नाही.

ताई : पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर पाडून नवं बांधायचा विषय निघाला, तेव्हा कलाकार आणि प्रेक्षक उभे राहिले. १९६८ पासूनची ती जागा. विंगेतल्या अंधारात उभ्या राहणाऱ्या माणसाला काय लागतं, हे त्यालाच ठाऊक असतं. मी आराखडा काढते, म्हणून मला माहिती आहे, कागदावर खोली सुंदर दिसते आणि तबला आत न्यायला दार अरुंद निघतं. म्हणून वापरणाऱ्यांना आधी विचारावं. भजनी मंडळाला, पोलीस भरतीच्या पोरांना, टेक्स्टाईलमधल्या बायकांना, शाळेच्या बाईंना. त्यांना संध्याकाळच्या सभेला बोलावू नये, त्यांच्या वेळेला त्यांच्याकडे जावं.

सर : म्हाताऱ्यांनाही विचार. पेन्शनीतला माणूस सकाळी सातला बाहेर पडतो आणि दुपारी बाराला त्याला घरी जायला नको असतं. पोरगा पुण्याला, सून नोकरीला. त्याला विरंगुळा केंद्र म्हणजे चार वर्तमानपत्रं, एक कॅरम, पिण्याचं पाणी आणि महिन्यातून एकदा रक्तदाब बघणारा कोणी. याला हॉलची एक बाजू पुरते, वेगळी इमारत लागत नाही.

ताई : दुपारी ते, पाचनंतर मुली, साडेसातनंतर नाटकवाले आणि भजन. एकच हॉल.

सर : आता खरं भांडण. हे बारामतीतच का?

ताई : कारण तिथं पैसा आहे, रेल्वे आहे, महाविद्यालयं आहेत, प्रशिक्षक राहायला तयार होतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर २०२० साली रणजी करंडकाचा सामना झाला. इंदापूरहून माणसं आलीच ना बघायला?

सर : बघायला आली. खेळायला रोज येतील का? बारामती-इंदापूर सुमारे ५० किलोमीटर. निमगाव केतकीच्या मुलीनं पाचला शाळा सुटल्यावर बारामतीला जाऊन सातला परत यायचं म्हणजे काय, ते तिच्या आईला विचार. आणि बावड्याचं काय, नीरा नरसिंहपूरचं काय? हे कालव्याच्या पाण्यासारखं होतं बघ. हेडला भरपूर, टेलला कोरडं. कागदावर पाणी आमच्या नावावर असतं. सोयींचंही तसंच, तालुक्याच्या आकडेवारीत इंदापूर ‘लाभक्षेत्रात’ येईल, पण पोरगी मैदानावर येणार नाही.

ताई : पण प्रत्येक ठिकाणी सगळं देता येणार नाही, सर. चांगला जलतरण प्रशिक्षक एक मिळतो, दहा मिळत नाहीत.

सर : मग प्रशिक्षक फिरवा. जागा जवळ असू द्या, माणूस लांबून येऊ दे. आठवड्यातून दोन दिवस त्यानं इंदापूरला यावं. आणि जागेसाठी नवं आरक्षण टाकायची वाट बघू नका. आरक्षण टाकलं, दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम १२७ ची खरेदी सूचना देतो. त्यानंतर २४ महिन्यांत नगरपरिषदेनं पाऊल उचललं नाही की आरक्षण संपलं. पैसे नसतात, मोबदला देता येत नाही, मैदान नकाशातच राहतं. त्यापेक्षा आज हातात आहेत त्या जागा उघडा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात प्रत्येक शाळेला मैदान असावं असा निकष आहे. म्हणजे मैदानं आहेत. संध्याकाळी शिपाई कुलूप लावून जातो आणि सकाळपर्यंत ती पडून असतात. शाळा सुटल्यापासून रात्री नऊपर्यंत गावाला द्या. एक दिवा, एक पहारेकरी, एक मावशी. मावशी असली की मुली येतात, हे मी स्वतः बघितलंय.

ताई : शाळा तयार होणार नाहीत. काच फुटली तर कोण भरणार? कोणाचं पोर पडलं तर जबाबदारी कोणाची?

सर : नगरपरिषदेची. तेवढंच कागदावर घ्यायचंय.

माझ्या मते या सगळ्या बोलण्यात सर्वांत मोलाची सूचना हीच आहे, आणि ती सर्वांत कमी खर्चाची आहे म्हणूनच तिच्यामागं कोणी लागत नाही. नव्या इमारतीला कोनशिला असते, नाव असतं, फोटो असतो. शाळेचं फाटक संध्याकाळी सहाला उघडं ठेवण्यात कोणाचं नाव कुठं कोरता येत नाही. त्यात या दोन्ही नगरपरिषदांवर मागं बराच काळ प्रशासकच कारभार बघत होता. प्रशासक फाईल चालवतो. पेठेतल्या आईला फाटकावर उभं राहून काय हवं हे विचारायला वॉर्डातला माणूस लागतो. नगरसेवकाला दारात येऊन जाब विचारता येतो, तो विचारायला हवा, आणि हाच प्रश्न विचारायला हवा.

अठराव्या शतकात कऱ्हाकाठी बाबूजी नाइकांच्या आश्रयानं पन्हाळ्याहून आलेले मोरोपंत बारामतीत पुराण सांगत, आर्या रचत. त्या काळचा विरंगुळा जहागीरदाराच्या आश्रयावर चाले. आश्रय उदार होता, पण वाडा कोणाचा हे सगळ्यांना माहीत होतं. नगरपरिषद आल्यावर वाडा लोकांचा झाला पाहिजे होता, निदान त्याची वेळ तरी लोकांनी ठरवायला हवी होती. ते काम अजून पुरं झालेलं नाही.

ताई : पोहण्याचा तलाव मात्र मी सोडणार नाही.

सर : त्याला माझा विरोध आहे, आणि तो राहील. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल तलाव धर. ४ लाख ७० हजार लिटर पाणी. माणशी १३५ लिटरचा शहरी निकष लावला तर साडेतीन हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. बारामती पिते ते नीरा डाव्या कालव्याचं, साठवण तलावात भरून ठेवलेलं. आवर्तन लांबलं की दिवसाआड नळ. अशा वेळी तलाव भरलेला बघून टेलच्या शेतकऱ्यानं काय समजायचं?

ताई : ते पाणी एकदाच भरतात, सर. गाळून, शुद्ध करून तेच फिरवतात. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर उडालं असं धरलं तर रोज अडीच हजार लिटर घालावं लागेल, एका टँकरच्याही आत. टंचाई जाहीर झाली की तलाव बंद ठेवायचा, हे नियमात लिहा. पण मला सांगा, तुम्ही पोहायला कुठं शिकलात?

सर : विहिरीत. पाठीला डबा बांधून चुलत्यानं ढकलून दिलं.

ताई : आणि तुमच्या बहिणी?

सर : नाही शिकल्या.

ताई : माझी आई नाही शिकली, मी नाही शिकले. कालव्याच्या कडेला राहणाऱ्या, उजनीच्या फुगवट्याला लागून राहणाऱ्या बायका कपडे धुवायला पाण्यात उतरतात आणि त्यांना पोहता येत नाही. घसरलेल्या लेकरामागं आई उडी मारते आणि दोघंही जातात, असं दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं घडतं. पोरांना विहीर होती. पोरींना तलावाशिवाय कोण शिकवणार?

सर : इंदापूरला उजनी एवढी जवळ. काठावर सुरक्षित घाट बांधा, दोर लावा, जीवरक्षक ठेवा, तिथं शिकवा.

ताई : धरणाचं पाणी उन्हाळ्यात हटतं, सर. पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं, एवढं हटतं. काठ दरवर्षी बदलतो, गाळ असतो. मुलगी तिथं गाळात पाय रोवून पोहायला शिकणार नाही.

सर : मग बारामतीत बांधा तुमचा तलाव. इंदापूरच्या पैशातून नको.

ताई : इंदापूरच्या मुलींसाठी उन्हाळ्यात बस असेल तर चालेल?

सर : बसचा खर्च कागदावर दिसला तर बघेन. नुसत्या आश्वासनावर सही करणार नाही.

ताई : मुख्याधिकाऱ्यांना निवेदन एकत्र द्यायचं की वेगळं?

सर : शाळेची मैदानं संध्याकाळी उघडी, मुलींची वेळ, मावशी, दिवा, संडास, लग्नाला बंदी, देखभालीचं वेगळं लेखाशीर्ष, एवढं एकत्र लिही. तलावाचं तू तुझं वेगळं लिही, मी माझी हरकत वेगळी लिहीन.

ताई : आणि मुलींची वेळ सहा ते साडेसात लिहू?

सर : सहा ते साडेसात खेळायची चांगली वेळ आहे, पोरं सहज सोडणार नाहीत. तीच लिही. आणि दोन्ही नगरपरिषदांत अर्ज दिल्यावर आवक क्रमांकासह पोच घ्यायला विसरू नकोस.